नाव घेतलं की उठायचं

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे लेगॉसमधल्या आमच्या सगळ्या मुशिन वस्तीला ठाऊक आहे. आई म्हणायची, "मुनिरात, तुझ्या जिभेपायी एक दिवस दुसऱ्याच कुणाची तरी मान अडकणार." आईचं मी आयुष्यात काही ऐकलं नाही, पण तिचं हे बोलणं तेवढं खरं झालं. मान अडकली ती अयांवालेची.

अयांवाले माझा ढोलवाला. मी गाते, मागे सहा बायका झील धरतात आणि शेजारी हा उभा, काखेत बोलका ढोल घेऊन. दोऱ्या आवळल्या की ढोल चढा बोलतो, सैल सोडल्या की खाली उतरतो. आमच्या भाषेत कुणाचं नाव, गाव, कूळ, सगळं त्यातून लख्ख ऐकू येतं. एकतीस वर्षं आम्ही बरोबर आहोत. माझा एकही नवरा एवढा टिकला नाही. पण माणूस महाघुमा! ढोल हातात असला तर बोलेल, नाहीतर मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा. गाणं तर त्यानं कधी गायलंच नाही. आवाज असा की ऐकून कोंबडी अंडं द्यायची थांबेल.

त्याचं घर अगो-एजाला होतं, खाडीच्या काठावर. तिथल्या बायका चार पिढ्या मासे धुरावतात. गेल्या वर्षी लष्करी सरकारनं त्यांना सात दिवसांची नोटीस दिली आणि चौथ्याच दिवशी बुलडोझर आले. घरं गेली, भट्ट्या गेल्या, छोटी मशीद होती तीही गेली. मग कडेच्या पाण्यात वाळू ओतली, सगळं सपाट केलं, आणि त्या वाळूवर कर्नल अजिबुलूचा तीन मजली बंगला उभा राहिला. अयांवाले, त्याची बायको आणि दोन नातवंडं मेव्हणीच्या एका खोलीत जाऊन पडली. तो मला एका शब्दानं काही बोलला नाही. सरावाला वेळेवर आला आणि ढोल लावत बसला. मलाच राहवलं नाही. मी गाणं केलं.

पाणी बुजवलं, मासा कुठं जाईल?
घर पाडलं, माणूस कुठं जाईल?
मासा मुका आहे, कर्नल अजिबुलू,
माणसाला तोंड आहे.

हो, नावानिशी. हज करून आल्यापासून लोक मला अल्हाजा म्हणतात; सगळे म्हणाले, "अल्हाजा, नाव कशाला घेतेस, नुसतं 'मोठ्या माणसा' म्हण." का म्हणून? घरं काय 'मोठ्या माणसा'नं पाडली? ज्यानं पाडली त्याला नाव आहे, चांगलं बारसं करून ठेवलेलं. आणि आमचा धंदाच नावं घ्यायचा आहे. लग्नाला, बारशाला, मयताच्या जेवणाला आम्ही लोकांची नावं घेतो, घराण्याची बिरुदावली गातो. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठायचं, पुढं यायचं, नाचायचं, आणि लोकांनी त्याच्या कपाळावर नोटा चिकटवायच्या. नाव ऐकूनही बसून राहिला तो एकतर मेलेला, नाहीतर बापाला विसरलेला.

गाण्याची कॅसेट निघाली आणि रेडिओवाल्यांना हुकूम गेला, ही कॅसेट वाजवायची नाही. पण पिवळ्या बसवाले काय कुणाचा हुकूम ऐकतात? महिनाभरात गाणं सगळ्या लेगॉसमध्ये झालं. आणि मग एका मंगळवारी सकाळी पोलीस आमच्या सरावाच्या घरी आले.

मी तेव्हा बायकांसाठी निळं कापड आणायला अबेओकुताला गेले होते. इन्स्पेक्टरनं विचारलं, "हे गाणं कुणी केलं?" सहाच्या सहा बायका जमिनीकडं बघत राहिल्या. आणि एकतीस वर्षांत ज्यानं सलग दोन वाक्यं बोलली नाहीत, तो मेला उठून म्हणाला, "मी." धडधडीत खोटं! त्याला सही सुद्धा येत नाही. त्यांनी त्याला गाडीत घातला आणि नेला.

तुम्ही म्हणाल, मग अल्हाजा, तू का नाही गेलीस? गेले की! तिसऱ्याच दिवशी ठाण्यात जाऊन टेबलावर हात आपटला. म्हटलं, गाणं माझं, शब्द माझे, मला आत घाला आणि म्हाताऱ्याला सोडा. इन्स्पेक्टरनं मान वर केली नाही. म्हणाला, "तुला आत घातलं तर उद्या पेपरात फोटो येईल. ढोलवाल्याचा फोटो कोण छापतंय? गाणं त्याचंच राहू दे. जा घरी."

मी भर रस्त्यात उभी राहून रडले. लाजच तेवढी वाटली.

पाच आठवडे गेले. खटला नाही, वकील नाही. त्याची बायको रोज डबा घेऊन जायची, डबा आत जायचा, पण माणूस दिसायचा नाही. मग एक दिवस माझ्या दारात काळी मोटार आली. कर्नलनं बोलावलं होतं.

बसायला चांगली खुर्ची दिली, गार पाणी दिलं. मग म्हणाला, "अल्हाजा, शनिवारी नव्या घराचा समारंभ आहे. आईला ऐंशी वर्षं पूर्ण होतायत. तुम्ही आमच्या घराण्याची बिरुदावली गायची. टीव्हीवाले येणार आहेत. एकदा तुम्ही माझं नाव चांगलं घेतलंत की ते वाईट गाणं लोक विसरतील. तुमचा तो ढोलवाला मग घरी जाईल."

"आधी ढोलवाला," मी म्हटलं. "ढोलाशिवाय बिरुदावली म्हणजे मिठाशिवाय रस्सा."

"दुसरा ढोलवाला आणा. लेगॉसमध्ये काय दुष्काळ पडलाय?"

"तुमच्या आजोबांची बिरुदं दुसऱ्याला येत नाहीत, कर्नलसाहेब. ती याच्या बापानं तुमच्या आजोबांच्या दारात उभं राहून वाजवलीत. अर्धीमुर्धी बिरुदं ऐकवायची असतील पाहुण्यांना, तर आणते एखादा पोरगा."

हे मात्र मी खरं बोलले होते, आणि ते त्याला बरोबर लागलं. माणसाला कितीही गुर्मी असो, आजोबाचं नाव अर्धवट घेतलेलं सहन होत नाही.

"आणतो," तो म्हणाला. "इन्स्पेक्टर सोबत असेल. नीट झालं तर तिथूनच घरी. एक शब्द वाकडा गेला, तर आल्या वाटेनं परत, आणि मग तो देशातल्या कुठल्या तुरुंगात आहे हे तुम्हाला कुणी सांगायचं नाही."

मी घरी येऊन बायकांना बसवलं आणि सांगितलं, शनिवारी थट्टा नाही, टोमणा नाही, भुवई सुद्धा वर करायची नाही. "त्याच वाळूवर गायचं, अल्हाजा?" एकीनं विचारलं. म्हटलं, हो, त्याच वाळूवर, आणि तोंडं मिटा. कुराणावर हात ठेवून मी शपथ घेतली की त्या दिवशी ही जीभ सरळ चालेल.

शनिवारी दुपारी मांडव गच्च भरला होता. सगळ्या पाहुण्यांना एकाच रंगाचं, जांभळं कापड. बायकांची डोक्याची फडकी अशी फुगवलेली की मागच्यांना काही दिसेना. मी मागच्या बाजूनं आत शिरले, तर भिंतीआड चाळीसएक बायका चुलींना भिडलेल्या. लाल भाताची घमेल्यांएवढी भांडी, आणि बाजूला धुरावलेल्या माशांचे ढीग. आणि कोण बायका? सगळ्या अगो-एजाच्या! कर्नलच्या बायकोला मासा हवा तर त्यांच्याच हातचा हवा. घर पाडायचं, वर त्याच जागेवर त्याच बाईला राबायला बोलवायचं. निलाजरेपणाला काही हद्द?

त्यांची म्होरकी रिसीची आई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, एका भट्टीवर नऊ लेकरं वाढवलेली. तिनं मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

"आलीस? गा बाई, गा. पोट सगळ्यांनाच आहे."

"पोटासाठी नाही आले," मी म्हटलं. "अयांवालेला सोडवायला आलेय."

"अस्सं? आणि अयांवालेनं सांगितलंय तुला, माझ्यासाठी गा म्हणून?"

मी पाठ फिरवून मांडवाकडं निघाले. मी! जिनं तीन नवरे बोलण्यात हरवले ती!

तेवढ्यात त्याला आणलं. जांभळा अंगरखा घातला होता, पण आत माणूस निम्मा उरला होता. दाढी वाढलेली, डावा डोळा मिटलेला, उजव्या हाताची दोन बोटं सुजून टम्म. इन्स्पेक्टर खुर्ची ओढून त्याच्या मागेच बसला. मी ढोल त्याच्या काखेत दिला आणि विचारलं, "कसा आहेस?"

त्यानं हवेत वास घेतला. "मासा कुणी धुरावलाय?"

"रिसीच्या आईनं. सगळ्याजणी मागे आहेत."

त्यानं मान हलवली आणि वाकून पायाखालची वाळू बघितली. मग डावीकडं खाडीकडं बघितलं, उजवीकडं रस्त्याकडं बघितलं, दोन पावलं सरकला आणि तिथं पाय रोवून उभा राहिला. मला वाटलं, पाय दुखत असतील बिचाऱ्याचे.

कर्नलनं माईक घेतला. भलताच खुशीत होता. "आज माझ्या घरी कुणी बसून राहायचं नाही," तो म्हणाला. "अल्हाजा ज्याचं नाव घेईल त्यानं पुढं यायचं, मग तो कुणीही असो. माझ्या आईची शपथ आहे सगळ्यांना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी पुढच्या रांगेत बसली होती, पांढऱ्या कपड्यात, तिनंही हात वर केला.

आणि मी गायले. खोटं कशाला बोलू, फार छान गायले, आणि त्याचीच मला अजून लाज वाटते. अयांवालेनं आजोबांची बिरुदं काढली, मी उचलली, बायकांनी झील धरली. कर्नल नाचला. कपाळावर नोटा चिकटत होत्या, घामानं खाली पडत होत्या. म्हातारीचं नाव घेतलं, तीही दोन माणसांच्या आधारानं उठून डोलली. टीव्हीवाला सगळं टिपत होता. माझ्या मनात एकच होतं, संपलं आता, अजून चार नावं घेतली की हा घरी जाईल.

तोच ढोल वाजला. मी सांगितलं नव्हतं, तरी वाजला.

धुराच्या घरची लेक. जिच्या चुलीवर समुद्र वाळतो. नऊ लेकरांची माउली, फातिमोह, अकान्नीची मुलगी.

रिसीच्या आईची बिरुदावली!

आमच्यात रीत आहे. मुख्य ढोलानं नाव घेतलं की गाणाऱ्यानं ते उचलायचंच. नाही उचललं तर त्या माणसाच्या तोंडावर थुंकल्यासारखं. पाहुणे इकडंतिकडं बघायला लागले, ही फातिमोह कोण? कर्नल अजून हसतच होता. त्याला वाटलं असेल कुणी बँकवाल्याची बायको.

ढोलानं दुसऱ्यांदा नाव घेतलं. मी त्याच्याकडं सरकले आणि दात आवळून म्हटलं, "अयांवाले, अरे मुडद्या, गप! घरी जायचंय ना तुला?"

त्यानं उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"मी घरीच आहे, अल्हाजा," तो म्हणाला. "ही माझी ओसरी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन पावलं का सरकला ते कळलं. आणि मी मूर्ख, शपथा घेऊन, कापडं चढवून, त्याला त्याच्याच ओसरीवरून 'घरी' न्यायला निघाले होते. मेव्हणीच्या खोलीत! मला माझाच असा संताप आला म्हणून सांगू. मान त्याची, बोटं त्याची, पाच आठवडे त्याचे, आणि घाबरायचं मी? मी माईक तोंडाशी धरला आणि छाती फुटेस्तोवर गायले.

धुराच्या घरची लेक, फातिमोह!

मागच्या दारात रिसीची आई आली. हातात भाताचा डाव, कमरेला ओला पंचा, तोंडावर राख. सगळा मांडव तिच्याकडं वळला. ती घाबरली नाही. डाव तसाच हातात धरून, जांभळ्या कपड्यांमधून वाट काढत पुढं आली आणि नाचायला लागली. सावकाश, जड पायानं, आपल्या भट्टीपुढं नाचावं तशी. तिच्या कपाळाला कुणी नोट लावली नाही. मी पदर पुढं करून तिचा घाम पुसला.

ढोल थांबायलाच तयार नव्हता. सिंताती, होडीवाल्याची सून. रमोता, जिनं जुळ्यांना पाठीवर बांधून जाळी ओढली. अदेदोयिन, मशिदीमागच्या घरची. एकेक नाव घेतलं की मागच्या दारातून एकेक बाई येत होती, कुणाच्या हातात कालथा, कुणाच्या हातात मिरच्या. कशी थांबणार? आईची शपथ यजमानानंच घातली होती.

कर्नलचा चेहरा उतरला. त्यानं हात केला आणि जनरेटर बंद पडला, माईक गेला. ढोलाला वीज कशाला लागते? चार शिपाई बायकांना धरायला पुढं झाले. तेव्हा म्हातारीनं काठी आपटली.

"बिरुदावली चालू असताना माणसाला हात लावत नाहीत!" ती कडाडली. "माझ्या घरात ही रीत नव्हती रे. बस खाली!"

शिपाई जागच्या जागी थिजले. कर्नल खरोखर खाली बसला. सत्तावीस नावं झाली. मागे भात करपल्याचा वास सुटला होता आणि तो उतरवायचं भान कुणालाच नव्हतं.

शेवटी इन्स्पेक्टर उठला. त्यानं माणसाला हात लावला नाही. खिशातून चाकू काढला आणि ढोलाचं कातडं फाडलं. एवढासा आवाज झाला, फस्स. ढोल गेला म्हणजे बिरुदावली संपली. मग त्यांनी अयांवालेला दंडाला धरलं आणि ओढत गाडीकडं नेलं.

मी वाळूत बसकण मारली आणि गळा काढून रडायला लागले. ती एकतीस वर्षं, ते पाच आठवडे, सगळं एकदम बाहेर आलं. आता त्याला कुठं नेतील? कुणाला विचारायचं? मी उचललं नसतं ते नाव, तर? बायका भोवती उभ्या होत्या.

आणि गाडीच्या जाळीतून आवाज आला. फुटका, घोगरा, बेसूर. आधी मला कळेचना हे कोण ओरडतंय.

"बाजारात जन्मलेली, अबेफे! ओलाबिसीची लेक! जिचं तोंड राजाला पुरून उरलं, अबेफे!"

माझी बिरुदावली. मी जन्मभर दुसऱ्यांची नावं घेतली. गाणाऱ्या बाईचं नाव कोण घेणार? अबेफे हे माझं लाडाचं बिरुदनाव, आई गेल्यापासून मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. आणि तो घुमा, ज्यानं कधी एक सूर लावला नाही, तो ढोल गेला म्हणून तोंडानं गात होता.

नाव घेतलं की उठायचं. मी उठले.

डोळे पुसले नाहीत, तशीच नाचत त्या गाडीमागं निघाले. मागं सहा झीलकरणी, त्यांच्या मागं रिसीची आई, तिच्या मागं चाळीस बायका. वर करपला नव्हता तेवढा भात आणि सगळा मासा डोक्यावर घेऊन! कर्नलच्या पाहुण्यांना त्या दिवशी काय जेवायला मिळालं ते अल्ला जाणे.

ठाण्यापुढं आम्ही चुली मांडल्या. त्याला दुसरीकडं हलवायचं तर गाडी चुलींवरून न्यावी लागली असती. धूर इन्स्पेक्टरच्या खिडकीत, रोज. दुसऱ्या दिवशी पेपरवाले आले, तिसऱ्या दिवशी वकील आले, कर्नलच्या आईनं म्हणे फोनही केला. कशानं काय झालं मला माहीत नाही. आम्ही एवढंच करत होतो, रोज पहाटेच्या नमाजानंतर कोठडीच्या भिंतीपाशी उभं राहून त्याचं नाव घ्यायचो. आतून तो भिंतीवर एक थाप मारायचा, उठलो म्हणून.

सहाव्या सकाळी थाप आली नाही.

मी पुन्हा नाव घेतलं. काही नाही. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा माझा आवाज फाटला. रिसीच्या आईनं माझा हात घट्ट धरला आणि मी चौथ्यांदा, जीव खाऊन, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "अयांवाले! ढोलाच्या घरचा! अगो-एजाचा अयांवाले!"

फाटकाची कडी वाजली. तो बाहेर आला. पायात चप्पल नाही, काखेत फाटका ढोल.

"किती ओरडतेस," तो म्हणाला. "उठलोय ना!"